शेतकऱ्यांचे प्रश्न : अतिवृष्टीचे अनुदान आणि गावाची यादी

प्रश्न : आमच्या गावात पडीक आणि गायरान गटांवरही अतिवृष्टीचे अनुदान निघाले, अशी चर्चा आहे. यादी मागितली तर ‘ही खासगी माहिती आहे’ असे उत्तर मिळते. काय करावे? (हिंगोली जिल्हा)

उत्तर : लाभार्थ्याचा आधार क्रमांक आणि बँक खाते खासगी आहे. कोणत्या गटावर किती क्षेत्र बाधित दाखवून किती रुपये दिले, हे खासगी नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4(1)(ब)मधील बाराव्या मुद्द्यानुसार अनुदान कार्यक्रमांच्या रकमा आणि लाभार्थ्यांचा तपशील कार्यालयाने कोणी न मागताही जाहीर करायचा असतो.

तहसील कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे 10 रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून अर्ज करा. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे, म्हणून एक गाव आणि एकच हंगाम धरा. मागणी नेमकी लिहा : नाव, गट क्रमांक, पीक, बाधित क्षेत्र, मंजूर रक्कम, जमा झाल्याची तारीख. आधार आणि खाते क्रमांक नको, हे अर्जातच नमूद करा. नाहीतर त्याच कारणाने पूर्ण अर्ज फेटाळला जाऊ शकतो. ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून कलम 8(1)(ञ) पुढे केले, तर अपिलात कलम 8(2)चा, म्हणजे व्यापक जनहिताचा, आधार घ्या. 30 दिवसांत उत्तर आले नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिले अपील करा. त्याला 20 रुपयांचे तिकीट लागते.

यादी हाती आली की खरे काम सुरू होते. प्रत्येक गटाचा सातबारा काढून गाव नमुना 12मधील पीक आणि क्षेत्र यादीशी ताडून पाहा. एका गटावर दिलेल्या क्षेत्राची बेरीज पेरलेल्या क्षेत्रापेक्षा जास्त भरली, तर तिथे गडबड आहे. वाटणीनंतर जुन्या आणि नव्या, दोन्ही नावांवर पैसे निघाल्याचे असेच सापडते. मग 8अ, म्हणजे एका खातेदाराच्या गावातील सगळ्या जमिनीचा उतारा, पाहा, कारण हेक्टरची मर्यादा शेतकऱ्याला आहे, गटाला नाही. शेवटी रक्कम तपासा. 30 मे 2025च्या शासन निर्णयातील दर हेक्टरी कोरडवाहूला 8,500, बागायतीला 17,000 आणि बहुवार्षिक पिकांना 22,500 रुपये आहेत. 1 हेक्टर 20 आर कोरडवाहू सोयाबीनचे 10,200 रुपये होतात. मर्यादा 2 हेक्टरची होती, 2025च्या खरिपातील अतिवृष्टीसाठी ती 3 हेक्टर झाली.

जालना जिल्ह्यातील अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत 2022 ते 2024च्या अनुदानात नेमके हेच झाले होते : बोगस नावे, दुबार नावे, वाढवलेले क्षेत्र. 2025मध्ये तिथे तलाठ्यांवर निलंबनाची कारवाई झाली. यादी वेळीच चावडीवर लागली असती तर गावकऱ्यांनी ही नावे एका दिवसात ओळखली असती, असे आम्हाला ठामपणे वाटते.

प्रश्न : यादीत माझे नाव आहे, ई-केवायसीसाठीचा विशिष्ट क्रमांकही मिळाला, तरी पैसे नाहीत. (बीड जिल्हा)

उत्तर : आधी ई-केवायसी, म्हणजे आधारवरून अंगठा देऊन ओळख पटवणे, झाली का ते पाहा. ती झाली असेल, तर आधार कोणत्या बँकेशी जोडले आहे ते तपासा. रक्कम तुम्ही पासबुक दिलेल्या खात्यात जात नाही, आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जाते, आणि अनेकांना ते जुने खाते आठवतही नसते. सामाईक गट असेल तर बाकीच्या खातेदारांचे संमतीपत्र तलाठ्याकडे पोहोचले आहे का, तेही विचारा. ई-केवायसी करताना पडद्यावरचे क्षेत्र किंवा रक्कम चुकीची दिसली तर अंगठा देऊ नका. तिथेच तक्रार नोंदवा, ती तहसीलदारांकडे जाते.

प्रश्न : बँकेने अनुदान पीककर्जात वळते केले. हे चालते का? (लातूर जिल्हा)

उत्तर : नाही. मदतीच्या रकमेतून वसुली करू नये, अशी स्पष्ट सूचना शासन निर्णयांत असते. त्या निर्णयाची प्रत जोडून शाखेला लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि एक प्रत तहसीलदारांना द्या.