मूस जॉहून उत्तरं

प्रश्न : मुलगी सप्टेंबरमध्ये कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतात, सस्कॅचवान पॉलिटेक्निकच्या मूस जॉ कॅम्पसला शिकायला निघाली आहे. नकाशात पाहिलं तर गावाच्या चहूकडे नुसती शेतं. उणे तीस म्हणजे नेमकं काय असतं? बरोबर काय द्यावं? आणि तिथे तिला आपलं माणूस कोण? थंडी सुरू झाली की कॉलेज सोडून कुठे बाहेर पडायचं नाही, असं मी तिला बजावलं आहे. ठीक केलं ना?
– एक आई, इचलकरंजी

ताई, तुमचं शेवटचं वाक्य आधी घेते, कारण तेच मला लागलं. ते तेवढं मागे घ्या. आज रात्रीच तिला सांगा की मी चुकीचं बोलले.

मी मिरजेची. २०११ च्या नोव्हेंबरात इथे आले तेव्हा आमच्या सासूबाईंनीही अगदी हेच बजावलं होतं, आणि पहिला हिवाळा मी ते इमानाने पाळलं. नवरा कामावर, मी पडदे ओढून घरात. डिसेंबरात इथे सकाळी नऊच्या सुमारास उजाडतं आणि संध्याकाळी पाचला अंधार पडतो. फेब्रुवारी उजाडेपर्यंत माझी अशी गत झाली की दाराची बेल वाजली तरी छातीत धस्स व्हायचं. तीन महिन्यांत नवऱ्याशिवाय कुणाशी चार वाक्यं बोलले नव्हते. त्या हिवाळ्यात मला सर्दीसुद्धा झाली नाही, ताई, पण मी आजारी होते. तुमच्या मुलीचं तसं होऊ नये, म्हणून एवढं लिहिते आहे.

आता उणे तीस. बाहेर पाऊल टाकलं की नाकातले केस ताठ होतात, पहिल्या श्वासाला ठसका लागतो, पापण्यांवर पांढरं धरतं. वारा नसेल तर नीट कपड्यांत अर्धा तास चालता येतं, आणि आम्ही चालतोही. खरा वैरी वारा. इथे तो अडवायला ना डोंगर ना झाडी. विंड चिल, म्हणजे वाऱ्यामुळे अंगाला जाणवणारं तापमान, उणे चाळीसच्या खाली गेलं की उघड्या कातडीला दहा मिनिटांच्या आत हिमदंश होऊ शकतो. म्हणून कान, नाक, बोटं झाकायची. पाच बोटांच्या हातमोज्यापेक्षा चार बोटं एकत्र राहतात तो मिटन जास्त ऊब देतो. लोकरीच्या टोपीला इथे टूक म्हणतात आणि हूडवाल्या स्वेटशर्टला बनीहग. हा दुसरा शब्द सस्कॅचवानच्या बाहेर फारसा कुणाला कळत नाही.

जाड कोट आणि बूट तिकडून मुळीच घेऊ नका. ओळखीच्या एका मुलीच्या वडिलांनी हौसेने भारी चामड्याचं जॅकेट घेऊन दिलं होतं, ते इथे ऑक्टोबरलाच हरलं. वापरलेल्या वस्तूंच्या दुकानांत चांगले पार्का, म्हणजे हूडवाले जाड कोट, कमी पैशांत मिळतात. तिकडून आतले थर्मल, सुती मोजे, कांदा-लसूण मसाला आणि तुपाची बरणी द्या. हवा अतिशय कोरडी असते. ओठ आणि टाचा फुटतात, एखादे सकाळी नाकातून रक्ताचा थेंबही येतो. तिने फोनवर सांगितलं तर घाबरू नका. रात्री झोपताना नाकपुडीला बोटभर तूप लावायला सांगा, मला त्याने आराम पडला. रात्री-अपरात्री तब्येतीची शंका आली तर ८११ फिरवायचा, नर्स फोनवर सल्ला देते.

आपलं माणूस कोण, हे विचारलंत. मराठी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. गणपतीला आम्ही सत्तर किलोमीटरवर रिजायनाला कुणाच्या तरी घरी जमतो. त्यासाठी गाडीवाला गाठावा लागतो, कारण गावोगावी जाणारी सरकारी बससेवा २०१७ मध्ये बंद झाली. ज्यांना स्वतःची गाडी घेणं परवडत नाही त्या मुलांचे आणि म्हाताऱ्यांचे त्याने फार हाल झाले, आणि मला अजून तो निर्णय पटलेला नाही. पण मूस जॉ तेहतीस-चौतीस हजार वस्तीचं गाव आहे. इथे माणूस मिळतो तो असा.

दुसऱ्या हिवाळ्यात एका दुकानासमोर आमची गाडी बंद पडली. इथल्या गाड्यांना पुढून एक वायर लोंबत असते. इंजिन गरम ठेवणाऱ्या ब्लॉक हीटरची ती वायर. रात्री ती घराच्या प्लगमध्ये खोचायची. आदल्या रात्री मी खोचली नव्हती. मी काचेआड रडकुंडीला आलेली, आणि एका म्हाताऱ्याने काच वाजवून विचारलं, ‘बूस्ट हवाय का?’ बूस्ट म्हणजे आपल्या बॅटरीवरून दुसऱ्याची गाडी चालू करून देणं. केबल त्याच्या डिकीतच होत्या, इथे सगळ्यांच्याच असतात. पाच मिनिटांत गाडी सुरू. मागून कळलं, तो आमच्याच गल्लीत चार घरं सोडून राहतो. दिवाळीत मी त्याला चिवड्याचा डबा नेऊन दिला. आठवड्याने डबा परत आला तो भरून, सॅस्कटून बेरी या इथल्या फळाचा ‘पाय’ (पिठाच्या पारीत फळं भरून भाजलेला गोड पदार्थ) घेऊन. जांभळासारखा रंग, पण तुरटपणा बेताचा. रिकामा डबा परत धाडू नये हे त्याला कुणी शिकवलं असेल, मला आजवर उमगलेलं नाही. त्यानंतर आमच्या घरापुढच्या फुटपाथवरचा बर्फ सकाळी माझ्याआधी कुणीतरी काढलेला असायचा.

तेव्हा मुलीला सांगा, बोलावलं की जायचं. शरद ऋतूत चर्चच्या तळघरात, गावच्या हॉलमध्ये फाऊल सपर, म्हणजे सगळ्या गावाची एकत्र जेवणं, असतात. टर्की, बटाट्याचा लगदा, युक्रेनमधून आलेल्या लोकांचे कोबीत गुंडाळलेले भाताचे रोल, आणि टेबलभर पाय. शाकाहारी असली तरी जावं, बटाटा, कोबीची कोशिंबीर आणि पाय पोटभर मिळतात, आणि शेजारी बसलेली आजी घर कुठलं, आई काय करते, सगळं विचारून घेते. अगदी आपल्या पंगतीसारखं. हिवाळ्यात वॉरियर्सची, म्हणजे आमच्या गावच्या संघाची, बर्फावरची हॉकी मॅच एकदा तरी बघावी. २०२४ मध्ये ते पहिल्यांदा लीगचे विजेते झाले, तेव्हा माझ्या वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात, जिथे मी काम करते, नव्वदीच्या बायकाही लाल-काळ्या जर्सीत नाश्त्याला आल्या होत्या. क्रेसेंट पार्कमधल्या सार्वजनिक वाचनालयात दिवसभर उबेत बसून अभ्यास करता येतो. नव्याने आलेल्यांना मदत करणारी मल्टिकल्चरल कौन्सिल आहे, तिथे पहिल्या महिन्यातच नाव सांगून यावं. मीसुद्धा तिसऱ्या वर्षी गेले, पहिल्याच वर्षी जायला हवं होतं.

आल्यावर महामार्गालगत मॅक नावाचा मूसचा भला मोठा पुतळा दिसेल. मूस म्हणजे हरणाच्या कुळातला इथला थोराड प्राणी. १९८४ चा. नॉर्वेने त्याच्याहून तीस सेंटिमीटर उंच मूस उभारला, तेव्हा आमच्या गावाने २०१९ मध्ये मॅकला नवी मोठी शिंगं बसवून पहिला नंबर परत घेतला. त्याच्या पायाशी उभं राहून काढलेला फोटो ती पाठवेल, तो मोठा करून भिंतीला लावा.

प्रश्न : आमच्या दुकानात मसुरीच्या पोत्यांवर कॅनडाचं नाव असतं. एवढ्या थंडीत मसूर पिकते?
– एक किराणा दुकानदार, अकोला

पिकते, दादा, आणि कॅनडाची बहुतेक मसूर आमच्या सस्कॅचवानचीच. मे महिन्यात पेरणी, ऑगस्टमध्ये काढणी. हिवाळ्याआधी सगळं उरकलेलं असतं. जून-जुलैत इथे पहाटे पाचला उजाडतं ते रात्री नऊला मावळतं, ते लांबलचक ऊन पिकाला मिळतं.

पूर्वी या कोरड्या भागात एक वर्ष गहू घेऊन पुढच्या वर्षी जमीन पडीक ठेवायचे, ओल साठावी म्हणून. मसुरीने ती पडीक जमीन कामाला लावली. मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र धरतात, पुढच्या गव्हाला बेवड चांगला मिळतो. सॅस्कटूनच्या विद्यापीठात अल स्लिंकार्ड यांनी १९७८ मध्ये लेअर्ड हे वाण दिलं आणि इथली मसूर खरी पसरली. ते हिरव्या मसुरीचं. आपल्या आमटीची लाल मसूर मागाहून वाढली.

इथे कॉफीच्या टेबलावर शेतकरी मला विचारतात, ‘तुमच्याकडे यंदा पाऊस कसा आहे?’ पहिल्यांदा वाटलं, माहेरची चौकशी करतायत. मग कळलं, तिकडे कडधान्य भरपूर आलं की इकडचा भाव पडतो. २०१७ च्या अखेरीस भारताने मसूर-हरभऱ्यावर ३० टक्के आयात शुल्क लावलं तेव्हा या टेबलावर बरेच दिवस कुणी हसलं नव्हतं. मला दोन्हीकडचं समजतं. तूर-हरभऱ्याला भाव न मिळालेला शेतकरी माझ्या मामाच्या घरात आहे, आणि हे इथले माझे शेजारी आहेत. पोत्यावरचं नाव वाचताना तुम्हाला त्या माणसांची आठवण झाली, तर मला बरं वाटेल.

प्रश्न : नातू तिकडे आहे. अमेरिकेतल्या मुलाला फोन करताना घड्याळ उन्हाळ्या-हिवाळ्यात बदलतं, गोंधळ होतो. नातवाचं कसं?
– एक आजोबा, बारामती

आजोबा, सस्कॅचवानमध्ये जवळजवळ सगळीकडे घड्याळ वर्षभर हलवत नाहीत. फरक कायम साडेअकरा तासांचा. तुमच्याकडे सकाळी साडेसात वाजले की इथे आदल्या रात्रीचे आठ. नातू जेवून बसलेला असतो, तुमचा चहा झालेला असतो. तेव्हा लावा.