क्षार सोसणारं बियाणं आणि आपली जमीन: वाचकांचे प्रश्न

ज्वारीची पेरणी आणि उसाची लागण जवळ आली की एकच प्रश्न नाना तोंडांनी येतो: क्षाराला दाद न देणारं ‘जीनवालं’ बियाणं कुठं मिळतं? म्हणून यावेळी त्याच विषयाची पत्रं घेतली आहेत.

मालदांडी कमी पाण्यावर येते, म्हणजे तिची जनुकं बदललेली आहेत का? (मंगळवेढा)

नाही. मालदांडी 35-1 हा मोहोळला स्थानिक ज्वारीतून निवड करून काढलेला वाण आहे.

दुकानदार सांगतो, ही बाटली फवारली की उसातली क्षार सोसणारी जनुकं जागी होतात. घ्यावी का? (माळशिरस)

ती बाटलीची वाट बघत झोपलेली नसतात. मुळांभोवती मीठ वाढलं की काही तासांतच नॅक, डब्ल्यूआरकेवाय, ड्रेब या कुळांतली, म्हणजे इतर जनुकांना चालू-बंद करणारी जनुकं आपोआप कामाला लागतात. यातल्या काही कुळांत कितीतरी पिकांमध्ये शंभरच्या आसपास जनुकं असतात. त्यातलं नेमकं कोणतं जागं झालं, हे दुकानदाराला कोणी सांगितलं? अशा बाटल्यांत बहुधा समुद्री शेवाळाचा अर्क नाहीतर ह्युमिक आम्ल असतं. त्याचा थोडाफार उपयोग होतोही, पण त्यानं मातीतलं मीठ कमी होत नाही. अशी पिकाला चालना देणारी औषधं, म्हणजे जैव-उत्तेजकं, 2021 पासून खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत. लेबलवरचे घटक वाचा आणि पक्कं बिल मागा. बिलाला टाळाटाळ झाली तर बाटली तिथंच ठेवून या.

कालव्याचं पाणी आल्यापासून आमची दोन एकर काळी जमीन पांढरी पडत चालली आहे. क्षार सोसणारा ऊस लावला तर ती सुधारेल का? माती तपासायची राहूनच गेली. (पंढरपूर)

शेवटचं वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात, पण खरं दुखणं तिथंच आहे. उजनीच्या लाभक्षेत्रातून येणाऱ्या बहुतेक पत्रांत ते असतंच. वाणाची चौकशी चार ठिकाणी होते, माती मात्र ‘पुढच्या वर्षी’.

आधी जनुकांचं काम बघू. एचकेटी कुळातली काही जनुकं मुळांतून वर चाललेल्या रसातला सोडियम वाटेतच काढून घेतात, म्हणजे पानं वाचतात. एनएचएक्स कुळ तो पेशीतल्या पोकळीत कोंडून ठेवतं. एसओएस1 त्याला मुळाबाहेर ढकलतं. ऑस्ट्रेलियात गव्हाच्या एका रानटी नातेवाइकाकडचं एचकेटी जनुक संकरानं ड्युरम गव्हात आणलं. खारवट रानात त्याचं उत्पादन 25 टक्क्यांपर्यंत वाढलं, हे 2012 साली प्रसिद्ध झालं. काम नामी आहे. पण मीठ होतं तिथंच राहिलं, तगला तो गहू.

तुमच्या रानाचा रोग कोणता, हे पांढऱ्या थरावरून ठरत नाही. विद्युत वाहकता (विरघळलेल्या क्षारांचं माप) 4 डेसीसायमन प्रति मीटरच्या वर आणि सामू (पीएच) 8.5 च्या आत असेल तर जमीन खारवट. तिला निचऱ्याचे चर काढून चांगल्या पाण्यानं क्षार धुवून काढावे लागतात. जिप्सम टाकणं म्हणजे पैसे मातीत. सामू 8.5 च्या वर आणि विनिमययोग्य, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेला, सोडियम 15 टक्क्यांहून जास्त असेल तर ती चोपण. तिथं चिकणमातीचे कण सुटे होऊन छिद्रं बुजतात, गढूळ पाणी साचून राहतं आणि मुळं गुदमरतात. इथं जिप्सम लागतं, चुनखडी असेल तर गंधकही चालतं, पण किती ते प्रयोगशाळाच सांगेल. फुले 265 अशा जमिनीत इतर वाणांपेक्षा बरा तग धरतो. जमीन मात्र तो सुधारत नाही, आणि निचऱ्याशिवाय जिप्समही वाया जातं.

नमुना घेताना वरचा पांढरा पापुद्रा खरवडून आणू नका. बांध आणि उकिरडा टाळा, इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा घ्या, आणि कृपा करून माती खताच्या रिकाम्या गोणीत भरू नका. विहिरीचं पाणीही सोबत द्या. अहवाल घेऊन कृषी विज्ञान केंद्रात जा, वाण त्यानंतर ठरवू.

उसाची कोवळी पानं पिवळी, शिरा हिरव्या. क्षारामुळे का? (मोहोळ)

हा केवडा. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही पिकाला मिळत नाही. हिराकस (लोहाचं खत) किती फवारायचं ते सहायक कृषी अधिकाऱ्याला पान दाखवून ठरवा.

ठिबकवरच्या डाळिंबाच्या पानांच्या कडा पहिल्या पावसानंतर करपल्या. वाण नाजूक आहे का? (सांगोला)

वाणाला दोष देऊ नका. ठिबकच्या ओलाव्याच्या कडेला क्षारांचं कडं साचतं आणि हलका पाऊस ते मुळांकडे ढकलतो. अशा पावसात ठिबक चालूच ठेवा. एकच फांदी वाळत असेल तर मात्र मर रोगाची शंका घ्या आणि उशीर न करता केगावच्या डाळिंब संशोधन केंद्राचा सल्ला घ्या.

दुष्काळ आणि क्षार सोसणारा संपादित भात आला म्हणतात. ज्वारीचंही तसलं बियाणं एक जण देतो आहे. (बार्शी)

भाताची बातमी खरी आहे. पुसा डीएसटी राइस 1 मे 2025 मध्ये जाहीर झाला. त्यात डीएसटी हे भाताचंच जनुक संपादित केलं आहे, म्हणजे त्यात नेमक्या जागी बदल केला आहे. ज्वारीचं मात्र ऐकीव दिसतं. तो माणूस पाकीट देत असेल तर त्यावरचा लॉट नंबर उतरवून घ्या आणि पैसे देण्याआधी तालुका कृषी अधिकाऱ्यांना दाखवा.