गाळात नुसते कृमीच का?

प्रश्न : महाविद्यालयीन प्रकल्पासाठी मुंबई बंदराच्या तळाचे नमुने घेतले. कृमी भरपूर, शिंपले अगदी थोडे. हा प्रदूषणाचा पुरावा मानावा का?

उत्तर : एवढ्यावरून नाही. आधी तळाचे कण मोजा. ६३ मायक्रॉनहून बारीक कणांच्या गाळात पाणी खेळत नाही, त्यामुळे वरच्या काही मिलिमीटरखालीच प्राणवायू संपतो. काळा थर आणि सडक्या अंड्यांसारखा वास ही त्याची खूण. तिथे गाळ खाणारे पॉलिकीट (अंगावर राठ केस असलेले, वलयांकित) कृमी तगतात. पाणी गाळून जगणाऱ्या शिंपल्यांचे कल्ले मात्र ढवळलेल्या गाळाने बुजतात. कालवं आणि बार्नेकल यांना चिकटायला खडक किंवा धक्क्याचा खांब लागतो, ती गाळात शोधूच नयेत.

प्रदूषण तपासायचं तर सारख्याच कणांच्या दोन जागांची तुलना करा. गाळ उपसल्याची तारीखही नोंदवा. उपशानंतर आधी छोटे, झटपट वाढणारे कृमीच येतात, त्यांनाच प्रदूषणाची खूण समजलं जातं आणि निष्कर्ष हमखास इथेच चुकतो.

प्रत्येक जागी ग्रॅबचे (तळाचा गाळ जबड्यात पकडून वर आणणाऱ्या उपकरणाचे) किमान तीन नमुने घ्या. जबड्यात शंख अडकून ग्रॅब अर्धवट मिटला, तर वरचा थर वाहून जातो. असा नमुना टाकून द्या. कणमापनाचा गाळ चाळण्याआधीच बाजूला काढा. उरलेला ०.५ मिमीच्या चाळणीत समुद्राच्याच पाण्याने हळुवार धुवा. जोराच्या धारेने कृमी तुटतात, मग मोजायची फक्त डोकी.