युजरच्या भाषेत तारीख दाखवायला महिन्यांची नावं भाषांतर करून अ‍ॅरेत ठेवली तर चालेल का?

नका ठेवू. बारा महिने आणि सात वार, एवढंच तर आहे असं वाटतं, पण नावं हा यातला सगळ्यात सोपा भाग. रशियनमध्ये कॅलेंडरच्या डोक्यावर नुसता महिना असेल तर 'मार्ट' आणि तारीख जोडली की '४ मार्ता', म्हणजे एकाच महिन्याची दोन रूपं, ती अ‍ॅरेत कुठे बसवणार? जपानीत आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. थाई लोकेल (भाषा आणि प्रदेशाची सेटिंग) दिलं की २०२४ च्या जागी २५६७ दिसतं, तो बग नाही, तिथे बौद्ध सन चालतो.

हे सगळं युनिकोडच्या सीएलडीआर डेटात, म्हणजे प्रत्येक भाषेच्या तारखा-आकड्यांच्या पद्धतींच्या संग्रहात, आधीच भरलेलं आहे, ब्राउजरमधलं इंटल (तारखा-आकडे भाषेनुसार दाखवणारी जावास्क्रिप्टची सोय) तोच डेटा वापरतं आणि जाव्हातही आवृत्ती ९ पासून डिफॉल्ट तोच. तुम्ही फक्त लोकेल द्यायचं आणि शॉर्ट, मीडियम, लाँग यातली एक स्टाइल. पॅटर्न (dd/MM/yyyy सारखा साचा) हाताने लिहायचा मोह आवरा, कारण क्रम तर चुकतोच, वर जाव्हात छोट्या वायऐवजी मोठा वाय पडला की आठवड्याच्या हिशोबाचं वर्ष येतं आणि ३० डिसेंबर २०२४ ला स्क्रीनवर २०२५ झळकतं. वर्षभर कुणाला कळत नाही, नेमकं सुट्टीत फोन वाजतात!

लोकेल युजरच्या सेटिंगमधून घ्या, आयपी पत्त्यावरून नको, प्रवासातल्या माणसाची भाषा बदलत नसते. नुसतं 'इंग्रजी' म्हणूनही भागत नाही, प्रदेश दिला नाही तर बहुतेक ठिकाणी अमेरिकन क्रम येतो, महिना आधी.

आता मराठीपुरतं. मराठी लोकेलला आकडे देवनागरीत येतात, हिंदीला मात्र डिफॉल्ट इंग्रजी आकडे. दिसायला छान, पण कुणीतरी स्क्रीनवरची तीच स्ट्रिंग उचलून सर्व्हरला पाठवतं आणि '२५ सप्टेंबर २०२४' पार्स होत नाही, म्हणजे सर्व्हरला ती तारीख म्हणून वाचता येत नाही, म्हणून एरर. त्यामुळे साठवताना आणि पाठवताना कायम आयएसओ ८६०१ (2024-09-25 असा ठरलेला साचा), लोकेल फक्त दाखवायच्या शेवटच्या पायरीला. इंग्रजी आकडेच हवे असतील तर नंबरिंग सिस्टिम लॅटिन सांगता येते, स्ट्रिंगवर रिप्लेस मारत बसू नका.

टेस्टला बुधवार २५ सप्टेंबर २०२४ घ्या, बारापेक्षा मोठा दिवस असल्याने क्रम उलटला तर लगेच दिसतो, महिन्याचं नावही लांब आहे त्यामुळे बटणात मावतं का तेही कळेल.