'अलेउत' लिहावे की 'अल्यूट'? की 'उनंगन'?

प्रश्न असा आहे : अलास्काच्या बेटांवरील लोकांसाठी 'अल्यूट' लिहावे की 'अलेउत', आणि 'अलेउत एस्किमो' म्हटले तर चालेल का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी : चालणार नाही. एस्किमो-अलेउत भाषाकुळाच्या दोन शाखा मानतात. इनुइट आणि युपिक भाषा एकीत येतात, दुसरीत अलेउत एकटीच. नाते आहे, पण फार दूरचे. शिवाय 'एस्किमो' हे नाव आता अनेकांना अपमानास्पद वाटते.

'अलेउत' हे नाव रशियनांनी दिले. रशियाच्या सेवेतला दर्यावर्दी बेरिंग याच्या १७४१च्या मोहिमेनंतर समुद्री पाणमांजरांच्या कातड्यांसाठी रशियन शिकारी-व्यापारी अलास्काच्या अल्यूशन बेटांवर येऊ लागले आणि तिथल्या लोकांना ते 'अलेउत' म्हणू लागले. पुढे कोडिअ‍ॅक बेटावरील सुगपियाक लोकांनाही त्यांनी तेच नाव लावले. सुगपियाकांची भाषा मात्र युपिक शाखेतली! ते स्वतःला 'अलुतीक'ही म्हणवतात आणि हा शब्द म्हणजे 'अलेउत'चाच त्यांच्या तोंडी झालेला उच्चार. म्हणून जुन्या रशियन नोंदींत 'अलेउत' दिसला, की आधी बेट कोणते ते पाहावे.

मूळ अलेउतांचे स्वतःचे नाव उनंगख़. अनेकवचन पूर्वेकडे उनंगन, पश्चिमेकडे उनंगस. यातला 'ंग' म्हणजे खरे तर 'वाङ्मय'मधला ङ, त्यात वेगळा ग नाही. आणि मला सगळ्यात लोभस वाटते ती गोष्ट ही, की संस्कृतासारखे द्विवचन या भाषेत आहे. एकवचन आणि द्विवचन यांतला फरक केवळ शेवटच्या घर्षक (हवा घासत बाहेर पडते अशा) व्यंजनाचा : एकवचनात ते पडजिभेपाशी घासते, द्विवचनात किंचित पुढे. आपल्या लिपीत दोन्हींना 'ख़'च लिहावे लागेल, हे दुखते.

भाषेचे नाव उनंगम तुनू. तिला लिपी मिळाली ती उनालास्का बेटावर १८२४ ते १८३४ या काळात राहिलेला धर्मोपदेशक इव्हान वेनियामिनोव्ह आणि उनंगन प्रमुख इव्हान पान्कोव्ह यांच्या जोडकामातून. दुसऱ्याचे नाव बहुधा वगळले जाते. कृपा करून तुम्ही वगळू नका.

मग लिहावे काय? आजच्या समाजाबद्दल लिहिताना 'उनंगन', आणि पहिल्या उल्लेखात जोडीला 'अलेउत'. 'अल्यूट' इंग्रजी उच्चारावरून आले आहे. 'अलेउत' मूळ रशियनला जवळचे, म्हणून मी तेच लिहितो. हा शब्द पुसून मात्र टाकू नये. अनेक उनंगन आजही स्वतःला अलेउत म्हणवतात. १९४२ मध्ये अल्यूशन बेटांवरील जपानी हल्ल्यानंतर अमेरिकी सरकारने त्यांना गावांतून उचलून आग्नेय अलास्कातल्या बंद पडलेल्या मासे-डबाबंदी कारखान्यांत ठेवले. तिथे रोगराईने अनेक माणसे गेली, त्यांत म्हातारी माणसेही होती, आणि त्यांच्याबरोबर भाषेचाही बराच ठेवा गेला. त्याची भरपाई देणाऱ्या १९८८च्या कायद्यात त्यांना 'अलेउत' असेच म्हटले आहे. त्या प्रकरणाबद्दल लिहिताना तोच शब्द ठेवावा.