टीडीएस ६२० येतोय, तर लेआउटचं पाणी प्यायचं की सगळ्यांनी आरओ घ्यायचा?

तुम्ही दिलेली माहिती आधी थोडक्यात मांडतो. नागपुरात हुडकेश्वरकडचा २८ घरांचा लेआउट. महापालिकेचं पाणी रोज तासभर येतं आणि जमिनीखालच्या २०,००० लिटरच्या टाकीत पडतं. कमी पडलं की त्याच टाकीत बोअर सोडता, मग मोटरीनं उंच टाकीत आणि तिथून घरोघरी. सकाळची पहिली बादली पिवळट, नळ सुटला की सुरुवातीला नालीसारखा वास, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजायच्या मीटरवर ६२०, आणि गेल्या आठवड्यात दोन घरांत जुलाब.

जुलाब झालेत, म्हणून आजपासून पिण्याचं पाणी उकळा. खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरे. मग त्याच भांड्यात झाकून थंड करा आणि ओगराळ्यानं काढा, हात बुडवू नका. आता मूळ प्रश्न.

६२० या आकड्यानं तुम्ही घाबरलात, पण त्या आकड्यानं कुणाला जुलाब होत नाहीत. टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती वाहते तेवढंच मोजतं आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतं. जंतू त्याला दिसत नाहीत. नालीचं पाणी थोडं मिसळलं तरी आकडा जेमतेम हलतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००:२०१२) टीडीएसची इष्ट मर्यादा ५०० मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालतं. म्हणजे ६२० चवीला जड, भांड्यावर पांढरे डाग पाडणारं, पण त्यात विष नाही.

तरी मीटर फेकू नका. त्याचा एक चांगला उपयोग आहे, तो फारसं कुणी करत नाही. नळाचं पाणी टाकीत पडायच्या आधी मोजा, बोअरचं वेगळं मोजा, टाकीतलं वेगळं. नागपूरचं नळाचं पाणी पेंचच्या धरणाचं आणि कन्हान नदीचं, बोअरपेक्षा पुष्कळ हलकं. समजा नळ २००, बोअर ९०० आणि टाकी ६२० आली. ६२० मधून २०० वजा केले तर ४२०, आणि ९०० मधून २०० वजा केले तर ७००. ४२० भागिले ७०० म्हणजे ०.६. तुमच्या टाकीत ६० टक्के बोअर आहे! क्लोरीन फक्त उरलेल्या ४० टक्क्यांत होतं, आणि तेही बोअरचं पाणी खाऊन टाकतं. खरी भानगड इथे आहे.

म्हणून पहिली तपासणी क्लोरीनची. चार जागी करा: महापालिकेच्या पाणीमीटरजवळच्या नळाला, खालच्या टाकीत, उंच टाकीच्या खालच्या नळाला आणि लाइनच्या सगळ्यात शेवटच्या घरी. किट स्वस्त असतं. डीपीडी नावाच्या औषधाचं घ्या, त्यात क्लोरीन असलं की रंग गुलाबी येतो. ग्रामपंचायतीत अजून जी ओटी (ऑर्थोटोलिडीन) वापरतात त्यात पिवळा येतो, आणि बोअरच्या पाण्यात लोह किंवा मँगनीज असलं तर क्लोरीन नसतानाही पिवळा येऊ शकतो. नळ दोन मिनिटं वाहू द्या, काचेची नळी त्याच पाण्यानं विसळा, खुणेपर्यंत भरा, औषध टाका आणि रंग लगेच जुळवा. पाणी बाटलीत भरून घरी नेऊन तपासू नका, वाटेतच क्लोरीन उडतं. शेवटच्या घरी किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर हवं. मीटरपाशी ०.४ आणि खालच्या टाकीत शून्य आलं तर दोष तुमच्या कंपाउंडच्या आत. मीटरपाशीच शून्य आलं तर लाइनमध्ये.

पिवळ्या रंगाचं कारण शोधायला काचेची पारदर्शक बाटली पुरते. भरताना पाणी स्वच्छ होतं आणि तासाभरात पिवळं पडलं, तर बोअरमधलं विरघळलेलं लोह हवेनं गंजतंय. भरतानाच पिवळं होतं आणि बुडाशी विटकरी गाळ बसला, तर रात्रभर जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपात उभ्या पाण्यानं आणलेला गंज. पहिली बादली झाडांना घाला, काम झालं. वासाचंही तसंच. सडक्या अंड्यासारखा वास बहुधा बोअरचा किंवा न धुतलेल्या टाकीचा. उन्हाळ्यात मातकट वास धरणातल्या शेवाळाचा, त्यानं अपाय नाही. पण नळ सुटल्यावर पहिली दहा मिनिटं नालीचा वास आणि मग गायब, याला दुसरा अर्थ नाही: बाहेरचं घाण पाणी पाइपात शिरतंय.

ते कसं शिरतं? पाणी चालू असतं तोवर पाइपात दाब असतो, फट असली तरी पाणी बाहेर गळतं. पुरवठा बंद झाला की पाइप रिकामा होतो आणि त्याच फटीतून नालीतलं पाणी आत येतं. जुन्या लेआउटमध्ये नळाचा पाइप बहुतेक ठिकाणी नालीतूनच ओलांडलेला असतो, आणि नेमका तिथला सॉकेट गंजतो. त्यात एखाद्यानं लाइनला थेट टुल्लू पंप लावला की विचारूच नका. टुल्लू पाण्याची वाट बघत नाही, लाइनमध्ये नुसती ओढ तयार करतो, आणि शेजारच्या चार घरांच्या फटींतून मिळेल ते ओढतो. तुमच्या २८ घरांत कुणीही थेट लाइनवर पंप लावायचा नाही, हा नियम आरओच्या आधी करा. मोटर लावायचीच तर टाकीनंतर.

तोवरचा उपाय सोपा आहे. टाकीत पाणी पडायच्या आधी टी लावून एक नळ काढा. पाणी सुटलं की पहिली दहा मिनिटं तो उघडा, ते पाणी बागेला, मग टाकीचा व्हॉल्व्ह उघडा. टाकीत पडणाऱ्या पाइपाचं तोंड ओव्हरफ्लोच्या पातळीच्या वरच राहिलं पाहिजे. बुडालेलं असलं तर पुरवठा बंद होताना टाकीतलं पाणी उलटं लाइनमध्ये ओढलं जातं.

आता टाकी. पावसाळ्यात एकदा ही परीक्षा घ्या: टाकी पूर्ण रिकामी करा, येणारे सगळे व्हॉल्व्ह बंद करा, १२ तास तशीच ठेवा आणि सकाळी टॉर्चनं भिंती बघा. एखाद्या कोपऱ्यातून ओघळ दिसला तर आजूबाजूच्या जमिनीतलं सगळं, शोषखड्ड्याचंसुद्धा, तुमच्या पिण्यात येतंय. आतून वॉटरप्रूफ प्लास्टर केल्याशिवाय पुढचं काहीही उपयोगाचं नाही. झाकण जमिनीपेक्षा वीतभर उंच आणि कडा बाहेरून खाली वळलेल्या हव्यात. फरशीसारखं सपाट झाकण पहिल्याच पावसात अंगणाचं पाणी आत घेतं.

धुताना साबण वापरू नका, नायलॉनचा ब्रश पुरे. गाळ काढून झाल्यावर २० लिटरच्या बादलीत १६ ग्रॅम ब्लीचिंग पावडर, म्हणजे टीसीएल, कालवा (पावडर २५ टक्के क्लोरीनची धरून). हे पाणी भिंतींना आणि तळाला ब्रशनं लावा, अर्धा तास ओलं राहू द्या, मग धुऊन तेही पाणी काढून टाका. आत माणूस उतरवण्याआधी झाकण काही तास उघडं ठेवा, दुसरा माणूस वर हवाच, आणि ब्लीचिंग शक्यतो वरून लांब दांड्याच्या ब्रशनं लावा. फरशी पुसायचं ॲसिड त्याच दिवशी तिथे आणूसुद्धा नका. ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो आणि बंद टाकीत माणूस मरतो.

रोजचा डोस: २०,००० लिटरला १ मिलिग्रॅमप्रमाणे २० ग्रॅम क्लोरीन लागतं, म्हणजे २५ टक्क्यांची पावडर ८० ग्रॅम. हा सुरुवातीचा आकडा. तासाभरानं शेवटच्या घरी मोजा, ०.२ ते ०.५ यायला हवं, त्यानुसार कमीजास्त करा. पावडर कोरडी टाकीत भिरकावू नका. प्लॅस्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात लगदा करा, दहा लिटर पाणी घालून ढवळा, अर्धा तास चुना खाली बसू द्या आणि फक्त वरचं निवळ टाकी भरत असताना ओता. चुना आत गेला तर बॉलकॉक अडकतो. लोह असेल तर क्लोरीननं तेही गाळ होऊन खाली बसतं, त्यामुळे पहिले काही दिवस पाणी उलट जास्त पिवळं दिसेल.

लोक पावडर मोजून टाकतात आणि तरी क्लोरीन शून्य येतं, त्याचं कारण बहुतेक वेळा पोतं. उघडं पोतं मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत, बाहेर ४५ अंश! महिन्याभरात ताकद कुठल्या कुठे जाते. छोटी पाकिटं घ्या, घट्ट झाकणाच्या डब्यात सावलीत ठेवा, घेतल्याची तारीख वर लिहा. उन्हाळ्यात उंच टाकीतलं क्लोरीनही लवकर उडतं, तेव्हा तपासणी रोज.

पण खरं सांगायचं तर बोअर आणि नळ एका टाकीत ठेवूच नका. बोअरला वेगळी टाकी, वेगळी लाइन: संडास, कपडे, बाग. दोन लाइनींमध्ये 'अडीअडचणीला असू द्या' म्हणून व्हॉल्व्ह ठेवतात, तो कधीतरी कुणीतरी उघडतोच किंवा त्याचा वायसर जातो. जोडच काढून टाका. एकाच टाकीत मधे वीट-सिमेंटची भिंत घालून दोन भाग करणं म्हणजे स्वतःची फसवणूक.

प्रयोगशाळेची तपासणी एकदा कराच. सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा नागपुरात आहे, तिथली निर्जंतुक बाटली घ्या. तिच्यात क्लोरीन मारणारं औषध असतं, म्हणून ती विसळायची नाही. नळाची जाळी काढा, तोंड स्पिरिटनं पुसा, तीन मिनिटं पाणी वाहू द्या, बाटली काठोकाठ न भरता बंद करा आणि बर्फाच्या डब्यातून सहा तासांच्या आत पोचवा. ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारे जंतू, १०० मिलिलिटरमध्ये एकही नको. रासायनिक तपासणीला वेगळा दोन लिटरचा कॅन, तो मात्र त्याच पाण्यानं विसळून काठोकाठ. नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) आपल्या गावातच आहे म्हणून लोक सरळ तिकडे धावतात, पण एका टाकीसाठी तेवढी गरज नाही.

बोअरच्या नमुन्यात नायट्रेट आणि फ्लोराइड मुद्दाम मागा. नायट्रेट ४५ किंवा फ्लोराइड १.५ मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या वर आलं तर ते पाणी पिण्यातून बाद. उकळून उपयोग नाही, पाणी आटतं आणि प्रमाण उलट वाढतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं दूध देत असाल तर अहवाल येईपर्यंत बोअरचं पाणी त्यात नकोच. पिण्याला बोअरशिवाय पर्यायच नसला आणि हे दोन वाढलेले असले, तरच आरओ मला पटतो. नाहीतर एक लिटर पाण्यासाठी दोन-तीन लिटर नालीत जाणार, २८ घरांत २८ मशीन. शिवाय आतला कार्बन क्लोरीन काढून टाकतो, मग मशीनच्या छोट्या टाकीत आणि न बदललेल्या फिल्टरमध्ये जंतू निवांत वाढतात.

नालीच्या वासाची तक्रार झोन ऑफिसला लेखी द्या, आणि नुसतं 'पाणी घाण येतं' लिहू नका. तीन दिवस वहीत नोंद ठेवा: पाणी किती वाजता सुटलं, वास कितव्या मिनिटाला गेला, मीटरपाशी क्लोरीन किती आलं, लाइनवरच्या कोणकोणत्या घरांत वास होता. वास येणारं पहिलं घर आणि त्याआधीचं वास न येणारं घर, फट बहुधा त्या दोघांच्या मधे. माणसं आली की त्यांना तिथली नाली दाखवा आणि पाइप ओलांडतो ती जागा तुमच्यासमोर उकरायला लावा.