अभ्यासिकेतल्या ८० जणांसाठी वायफाय ५, ६ की ७ घ्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सार्वजनिक वाचनालय, खाली ऑफिस आणि पुस्तकांची देवघेव, वर ८० खुर्च्यांची अभ्यासिका, लाइन १०० एमबीपीएसची फायबर. दुकानदार म्हणतो, सहा अँटेनांचा वायफाय ७ चा राउटर बसवा, दहा वर्षं बघायला नको. कमिटीतले एक जण म्हणतात, वायफाय ५ स्वस्तात मिळतंय, उगाच पैसे कशाला घालवायचे?

मी बारा वर्षं हेच काम करतोय. केबल ओढायची, भिंतीला भोकं पाडायची आणि नंतर "नेट स्लो झालंय" असे फोन घ्यायचे. माझं उत्तर: वायफाय ६ घ्या. पण एक मोठा राउटर नको. अभ्यासिकेच्या छताला दोन साधे एक्सेस पॉइंट (नुसतं वायफाय सोडणारी यंत्रं) लावा आणि दोन्हींना खालून स्वतंत्र केबल द्या.

स्टँडर्डच्या, म्हणजे ५, ६ की ७ च्या, आधी दुसरी गोष्ट बघायला हवी, ती मला अशाच एका अभ्यासिकेत कळली. स्पर्धा परीक्षेची मुलं, तक्रार एकच: सकाळी सातला नेट पळतं, अकराला रांगायला लागतं. लाइन तपासली तर निम्मीसुद्धा वापरात नव्हती. राउटर शोधला, तो खालच्या मजल्यावर लोखंडी कपाटावर, जुन्या पावतीपुस्तकांच्या गठ्ठ्याआड. वर कोपऱ्यात बसलेल्या एका मुलाच्या फोनला जेमतेम एक दांडी. कनेक्शन तुटत नव्हतं, पण फोन १ एमबीपीएसने बोलत होता. आणि खरी गोम तिथेच होती. एका चॅनलवर, म्हणजे वायफायच्या एका वाटेवर, एका वेळी एकानेच बोलायचं असतं. डेटाचं १५०० बाइटचं एक पाकीट १ एमबीपीएसने पाठवायला १२ मिलिसेकंद लागतात, तेच १०० एमबीपीएसने ०.१२. म्हणजे त्या पोराचं एक पाकीट जाईपर्यंत इतरांची शंभर गेली असती. बँकेत पुढचा माणूस चिल्लर मोजून भरायला लागला की मागची रांग कशी खोळंबते, तसं. पोराचा काय दोष? राउटर वर नेऊन छताला लावला, सेटिंगमध्ये ११ एमबीपीएस आणि त्याखालचे जुने वेग बंद केले. राउटर तोच, लाइन तीच, तक्रारी थांबल्या.

आता स्टँडर्ड. वायफाय ५ म्हणजे २०१३ चं ८०२.११एसी. ते फक्त ५ गिगाहर्ट्झच्या रेडिओ पट्ट्यावर चालतं, ही गोष्ट खोक्यावर कोणी ठळक छापत नाही. त्या यंत्राची २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याची बाजू २००९ च्या वायफाय ४ चीच असते. अभ्यासिकेत स्वस्त किंवा घरातल्या मोठ्यांचे जुने फोन बरेच असतात, त्यातले काही २.४ शिवाय चालतच नाहीत. वायफाय ६ दोन्ही पट्ट्यांवर आहे आणि मुळात गर्दीसाठीच केलेलं आहे. आधी प्रत्येकाच्या पिशवीसाठी वेगळा टेम्पो सुटायचा, पिशवी केवढीशी का असेना. वायफाय ६ मध्ये एकाच टेम्पोत अनेकांच्या पिशव्या जातात; २० मेगाहर्ट्झच्या एका चॅनलचे नऊपर्यंत वाटे पडतात. याला ओएफडीएमए म्हणतात. समोरचा फोनही वायफाय ६ चा असेल तरच हा फायदा मिळतो, हे मात्र दुकानदार सांगणार नाही. जुन्या फोनला आज फारसा फरक जाणवणार नाही. फोन बदलत जातील, छतावरचं यंत्र पाच-सात वर्षं राहील, म्हणून ६.

वायफाय ७ चा मोठा डांगोरा ३२० मेगाहर्ट्झ रुंद चॅनलचा. तो फक्त ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात मिळतो. अमेरिकेने २०२० मध्ये त्या पट्ट्याचे १२०० मेगाहर्ट्झ खुले केले. आपल्याकडे मे २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने मसुदा काढला तो खालच्या ५०० मेगाहर्ट्झचा, म्हणजे ५९२५ ते ६४२५. त्यात ३२० चा एकच चॅनल मावतो. त्यामुळे परदेशी व्हिडिओंतले आकडे बघून भुलू नका. सगळीकडे नवे लॅपटॉप असलेलं ऑफिस असतं तर मी ७ चा विचार करा म्हटलं असतं. तुमच्या १०० एमबीपीएसच्या लाइनवर नाही.

सेटिंग करणाऱ्याला सांगा: २.४ वर चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ, चॅनल १, ६, ११ पैकीच आणि दोन्ही यंत्रांना वेगळे. ५ गिगाहर्ट्झवर ४० पुरे. माणशी ३-४ एमबीपीएसची मर्यादा घाला, नाहीतर एकाच्या सिनेमापायी बाकीचे बसून राहतील.

ऑफिसचं नेटवर्क मुलांच्या नेटवर्कपासून वेगळं हवं, यात तडजोड नको. भिंतीवर एकच पासवर्ड चिकटवून ठेवण्यापेक्षा मोबाइल नंबर आणि ओटीपीने लॉगिन ठेवा. २००८ मध्ये अहमदाबादच्या स्फोटांआधीचा धमकीचा मेल नवी मुंबईतल्या एका घरच्या असुरक्षित वायफायवरून गेला होता आणि चौकशीला आधी सामोरं जावं लागलं ते त्या घरात राहणाऱ्याला. सचिवांना एवढं सांगितलंत तर ओटीपीच्या खर्चावर कमिटीत कोणी वाद घालणार नाही.

वाचलेल्या पैशातून पीओई स्विच आणि छोटा यूपीएस घ्या. एक्सेस पॉइंटला वीज केबलमधूनच जाते, त्यामुळे खाली स्विच आणि फायबरचा डबा यूपीएसवर ठेवला की लाइट गेली तरी वर नेट चालू. केबल कॅट ६, पण शुद्ध तांब्याची. बाजारात अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्तात मिळते. तिच्यातून वीज नेली की ती तापते आणि लांब अंतरावर यंत्र मध्येच बंद पडून परत सुरू होत राहतं. बिल देण्याआधी एका तारेचं टोक ब्लेडने खरवडून बघा. आत पांढरं चमकलं तर बंडल परत.